क्रॅपी, फ्लोट आणि छोटे जिग: वसंताच्या सुरुवातीच्या मासेमारीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत राहणाऱ्या आणि सुट्टीच्या दिवशी तळ्यावर गरवायला जाणाऱ्या मराठी मंडळींकडून फेब्रुवारी ते मे या काळात हे प्रश्न फिरून फिरून येतात. उत्तरं काठावरून, धक्क्यावरून किंवा छोट्या होडीतून एकच रॉड हातात धरून, फ्लोटखाली (दोरीवरचा तरंगता खूणगोळा) छोटा जिग (वजनदार डोक्याचा गळ) टांगून क्रॅपी पकडणाऱ्यांसाठी आहेत. सोनार (पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र) लावून आठ-आठ रॉड मांडणाऱ्यांचा कारभार वेगळा. तो इथे नाही.

क्रॅपी म्हणजे नेमका कोणता मासा?

उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातला, सनफिशच्या कुळातला चपटा रुपेरी मासा. दुकानात बहुतेक जण ‘क्रॉपी’ म्हणतात, तोच हा. जाती दोन: पांढरा आणि काळा. ओळखायचं असेल तर रंगावर जाऊ नका, पाठीवरच्या परातले टोकदार काटे मोजा. ५-६ असले तर पांढरा, ७-८ असले तर काळा. पांढऱ्याच्या अंगावर उभे पट्टे असतात, काळ्याच्या अंगावर विस्कटलेले ठिपके. विणीच्या दिवसांत नर इतके काळवंडतात की नवख्याला मासा आजारी वाटतो. तसं काही नसतं, मासा उत्तम असतो.

रोजच्या पकडीतला मासा ८ ते १२ इंचांचा. २ पौंडांचा मिळाला तर फोटो काढण्यासारखा. जागतिक विक्रम पांढऱ्याचा ५ पौंड ३ औंस (एनिड डॅम, मिसिसिपी, १९५७) आणि काळ्याचा ५ पौंड ७ औंस (टेनेसी, २०१८).

हंगाम कधी सुरू होतो?

कॅलेंडर बघून ठरवू नका, पाण्याचं तापमान बघा. टेक्सास आणि मिसिसिपीत फेब्रुवारीच्या अखेरीस हालचाल सुरू होते, टेनेसी-केंटकीत मार्चच्या शेवटी, ओहायो-इलिनॉयमध्ये एप्रिलच्या मध्यावर. मिनेसोटा-विस्कॉन्सिनमध्ये बर्फ वितळल्यावर, म्हणजे एप्रिल अखेर ते मे. पण एकाच गावातली दोन तळी दोन आठवडे मागेपुढे असू शकतात. उथळ, गढूळ आणि काळ्या चिखलाचा तळ असलेलं तळं लवकर तापतं; खोल आणि नितळ धरण उशिरा.

५० अंश फॅरनहाइटच्या खाली मासे खोल पाण्यात थव्यानं असतात आणि सुस्त असतात. ५० ते ५८ मध्ये ते खाड्यांच्या (तळ्याच्या काठात आत घुसलेल्या फाट्यांच्या) तोंडाशी, बुडालेल्या ओढ्यांच्या पात्राच्या कडेला सरकतात. ५८ ते ६२ मध्ये नर आधी उथळात येऊन जागा धरतात. ६२ ते ६८ ही विणीची वेळ. मादी अंडी घालून परत खोलात जाते आणि नर घरट्यावर पहारा देतो. या पानावरची पद्धत ५० पासून ६८ पर्यंत सगळीकडे चालते, फक्त खोली बदलते.

तापमान पृष्ठभागावर मोजू नका. उन्हाच्या दुपारी वरचा थर चार-पाच अंश जास्त दाखवतो आणि माणूस उगाच उथळात वेळ घालवतो. साधा थर्मामीटर दोरीला बांधून ३ फूट खाली मिनिटभर धरा.

काठावरून जागा कशी निवडायची?

खाडीचा उत्तरेकडचा काठ आधी बघा. दक्षिणेकडून येणारं ऊन त्याच्यावर दिवसभर पडतं आणि उत्तरेचा थंड वारा मागच्या झाडीमुळे अडतो. अशा जागी पाणी बाकीच्या तळ्यापेक्षा दोन-तीन अंश गरम असलं तरी सगळे मासे तिथे गोळा झालेले असतात. सलग दोन-तीन दिवस एकाच बाजूनं उबदार वारा वाहत असेल तर तो गरम पाणी समोरच्या काठाकडे ढकलतो. तिथेही टाकून बघा.

त्यानंतर आडोसा शोधा: पडलेलं झाड, बुंधे, बोटींचे धक्के, पुलाचे खांब, दगडांचा बांध. क्रॅपी मोकळ्या वाळूवर फारसा थांबत नाही. अनेक राज्यांचे वन्यजीव विभाग तळ्यात झाडांच्या फांद्या किंवा प्लास्टिकच्या चौकटी टाकून माशांसाठी आडोसे तयार करतात आणि त्यांचे नकाशे संकेतस्थळावर फुकट देतात. केरी-मॉरिसव्हिलच्या जवळचं जॉर्डन लेक, डॅलस-प्लेनोजवळचं लेक लॅव्हन, अटलांटाच्या वरचं लेक लॅनियर, न्यू जर्सीतलं लेक होपॅटकॉँग, या सगळ्या ठिकाणी क्रॅपी आहे.

धरणाच्या पाण्याची पातळीही बघा. पाणी चढत असेल तर मासे नव्यानं बुडालेल्या झुडपांत घुसतात. मिसिसिपीतल्या ग्रेनाडा, सार्डिस, एनिड या पूरनियंत्रणाच्या तलावांत वसंतात हे ठळकपणे दिसतं. पाणी उतरायला लागलं की तेच मासे एका रात्रीत बाहेर पडतात. काल जिथे मिळाले तिथेच आज तासभर बसून राहण्यात अर्थ नाही.

पहाटे जावं का?

नाही. मे-जूनमध्ये जा पहाटे. मार्चमध्ये रात्रभर गारठलेलं पाणी दुपारी बारानंतर सुधारतं. दोन ते सूर्यास्त ही सगळ्यात चांगली वेळ, त्यातही सलग तिसरा उबदार दिवस असेल तर उत्तम.

सामान काय आणि किती लागतं?

रॉड ७ फुटांचा, लाइट किंवा अल्ट्रालाइट, टोक मऊ असलेला. सहा फुटांखालचा घेऊ नका. पाण्यावरची सैल दोरी उचलायला लांबी लागते. छोटा स्पिनिंग रील. दोरी मोनोफिलामेंट (एकेरी नायलॉन): मोकळ्या पाण्यात ४ पौंडांची, म्हणजे तेवढा ताण सोसणारी, एरवी ६.

जिग म्हणजे गळाच्या मानेवर ओतलेला शिशाचा किंवा टंगस्टनचा मणी. १/३२ औंस (सुमारे ०.९ ग्रॅम) आणि १/१६ औंस (सुमारे १.८ ग्रॅम) हे दोनच वजनं घेतलीत तरी पुरे, प्रत्येकी दहा. झाडांत अडकून संपतात, म्हणून दहा. गळ बारीक तारेचा, ४ किंवा ६ नंबरचा. अंगावर चढवायला दीड-दोन इंची मऊ प्लास्टिक: नळीसारखं ट्यूब किंवा वळलेल्या शेपटीचं ग्रब. थंड पाण्यात मात्र मॅराबूच्या पिसांचा जिग जास्त चालतो, कारण तो स्थिर ठेवला तरी पिसं आपोआप हलत राहतात. प्लास्टिकच्या शेपटीला हलायला ओढ लागते.

एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. दाट फांद्यांत टाकायचं असेल तर उलट जाड, ८ पौंडांची दोरी लावा. बारीक तारेचा गळ अडकला की सावकाश, सरळ ओढल्यावर तो उघडतो आणि जिग सुटून येतो. पक्कडीनं गळ परत वाकवला की काम सुरू. ४ पौंडांच्या दोरीवर गळ उघडायच्या आधी दोरीच तुटते. जाड दोरीनं जिग थोडा हळू बुडतो, पण फ्लोटखाली त्यानं काही बिघडत नाही.

न्यू हॅम्पशायर, मेन, मॅसॅच्युसेट्स अशा काही राज्यांत छोट्या शिशाच्या जिगवर बंदी आहे, कारण लून पक्षी ते गिळून मरतात. तिथे टंगस्टन किंवा बिस्मथचे घ्या.

अडकवायचा फ्लोट की सरकता फ्लोट?

जिग ४ फुटांच्या आत ठेवायचा असेल तर स्प्रिंगनं अडकणारा साधा फ्लोट. त्याहून खोल असेल तर दोरीवर मोकळा सरकणारा, कारण फ्लोट आणि जिगमधलं अंतर रॉडच्या लांबीजवळ गेलं की फेकताच येत नाही.

आकाराबाबत बहुतेक जण चुकतात. लिंबाएवढा लाल-पांढरा गोल फ्लोट मुलांच्या वाढदिवसाला बरा. क्रॅपी जिग तोंडात घेतो आणि जरा जोर लागला की थुंकतो. फ्लोट बारीक, उभट आणि इतकाच तरंगणारा हवा की जिग लावल्यावर फक्त वरचं टोक पाण्याबाहेर राहील. घरी बादलीत तपासा. जास्त वर येत असेल तर जिगच्या फूटभर वर शिशाचा छोटा दाणा चिमटा.

सरकत्या फ्लोटची जोडणी कशी करायची?

१. आधी दोरीवर थांबा-गाठ (फ्लोटला हव्या त्या खोलीवर अडवणारी छोटी गाठ) चढवा. तयार गाठी प्लास्टिकच्या नळीवर मिळतात: दोरी नळीतून ओवा, गाठ दोरीवर सरकवा, नळी काढून टाका, दोन्ही टोकं ओढून गाठ घट्ट करा आणि टोकं पाव इंच ठेवून कापा.
२. गाठीखाली छोटा मणी ओवा.
३. मग फ्लोट.
४. जिग १/३२ किंवा त्याहून हलका असेल तर त्याच्या ८ ते १२ इंच वर शिशाचा एक दाणा.
५. शेवटी जिग.

हवी ती खोली म्हणजे थांबा-गाठ ते जिग हे अंतर. गाठ सरकवली की खोली बदलते, आणि ती रॉडच्या कड्यांतून रीलवर गुंडाळली जात असल्यानं फेकायला अडथळा होत नाही.

बिघाड बहुतेक तीनच. मणी विसरलात तर गाठ फ्लोटच्या भोकातून निघून जाते आणि जिग तळाशी जातो. गाठीची टोकं फार आखूड कापली तर गाठ सैल होऊन दर फेकीला सरकते, फार लांब ठेवली तर कड्यांत अडकते. आणि जिग फार हलका असेल तर तो फ्लोटमधून दोरी ओढूच शकत नाही: फ्लोट आडवा पडून राहतो, जिग पृष्ठभागाजवळ लोंबकळतो आणि माणसाला वाटतं की मासेच नाहीत. पाचव्या-सहाव्या सेकंदाला फ्लोट उभा राहायला हवा. राहिला नाही तर आणखी एक दाणा लावा.

खोली किती ठेवायची?

हा खरा प्रश्न. रंगावर जेवढी चर्चा होते त्याच्या निम्मी खोलीवर झाली तर लोकांच्या बादल्या भरतील.

क्रॅपीचे डोळे डोक्याच्या वरच्या बाजूला असतात आणि तो वर बघून खातो. जिग त्याच्या फूटभर वर असेल तर चढून येतो. अर्धा फूट खाली असेल तर ढुंकूनही बघत नाही. म्हणून शंका असेल तेव्हा उथळ ठेवा.

सुरुवात अशी करा. आधी पाण्याची खोली मोजा: जिगच्या गळाला पाव औंसाचं वजन अडकवून फेका. फ्लोट बुडाला तर पाणी गाठीच्या मापापेक्षा खोल आहे, गाठ वर सरकवा. फ्लोट वर तरंगत राहिला तर वजन तळाला टेकलंय, गाठ खाली आणा. फ्लोट जेमतेम बुडतो ते माप म्हणजे तळ. वजन काढा आणि जिग तळापासून पाण्याच्या एक तृतीयांश वर ठेवा: ६ फूट पाण्यात ४ फुटांवर. दहा मिनिटांत काही झालं नाही तर सहा इंच वर, मग आणखी सहा इंच. मासा मिळाला की गाठीला हात लावू नका. थवा त्याच पातळीवर असतो.

गढूळ पाण्यात विणीच्या वेळी दीड-दोन फूटही पुरतात. नितळ पाण्यात काळा क्रॅपी ८-१० फुटांवर घरटं करतो. पांढरा जिग पाण्यात सोडून तो किती खाली दिसेनासा होतो ते बघा. दोन फुटांच्या आत दिसेनासा झाला तर पाणी गढूळ समजा.

जिग आडवा का लोंबकळायला हवा?

कारण छोटा मासा पाण्यात आडवा पोहतो. नाकावर उभा राहिलेला जिग क्रॅपी जवळ येऊन बघतो आणि निघून जातो. जिगच्या कडीवर गाठ घट्ट बांधा आणि कडीच्या बरोबर वरच्या मधोमध आणून बसवा. प्रत्येक मासा काढल्यावर आणि प्रत्येक वेळी अडकून सुटल्यावर गाठ पुढे घसरते, तेव्हा नखानं मागे ढकला. एवढंसं काम आहे, पण ‘मघाशी मिळत होते, आता बंद झाले’ या तक्रारीचं कारण पुष्कळदा हेच निघतं.

फेकल्यावर करायचं काय?

आडोशाच्या चार-पाच फूट पलीकडे फेका, म्हणजे छपाका माशांच्या डोक्यावर होत नाही. मग फ्लोट ओढून आडोशाजवळ आणा. थांबा. रॉडचं टोक सहा इंच हलवा आणि पुन्हा थांबा. ओढताना जिग वर उचलला जातो आणि थांबल्यावर झोका घेत खाली येतो. मासा बहुतेक वेळा त्या खाली येण्यात घेतो. पाणी ५५ च्या वर असेल तर पाच-दहा सेकंदांचा विराम, खाली असेल तर वीस. पाण्यावर लाटा असतील तर हलवूच नका, लाटा ते काम करतात.

फ्लोट बुडलाच नाही तरी मासा लागलेला असतो का?

असतो. फ्लोट बुडणं हा सोपा इशारा. त्याहून फसवा इशारा म्हणजे फ्लोट अचानक वर उचलला जाऊन आडवा पडणं: मासा खालून वर आला, जिग तोंडात धरला आणि वजन फ्लोटवरून गेलं. नवखे इथे वाट बघत बसतात. फ्लोट लाटेच्या विरुद्ध किंवा बाजूला हळूच चालायला लागला तरी तोच अर्थ.

फ्लोट नुसता थरथरतो, टुकटुक करतो आणि जिग वर काढल्यावर शेपटी कुरतडलेली दिसते, तेव्हा तो ब्लूगिल, सनफिशच्या कुळातलाच छोटा मासा. फूटभर खोल जा किंवा जागा बदला.

मासा लागतो पण वर येताना सुटतो. का?

झटका देताय म्हणून. क्रॅपीच्या तोंडाभोवतीची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ असते. जोरात ओढलं की गळाचं भोक मोठं होतं आणि गळ गळून पडतो. सैल दोरी गुंडाळा, रॉड मनगटानं नुसता उचला आणि त्याच वेगानं गुंडाळत राहा. मध्ये ढील देऊ नका. रीलचा ड्रॅग (दोरी सुटण्यावरचा ब्रेक) इतका सैल हवा की हातानं ओढल्यावर दोरी सहज सुटेल. पाऊण पौंडाच्या वरचा मासा दोरीला लोंबकळत उचलू नका, लांब दांड्याचं जाळं खाली धरा.

रंग कोणता?

गढूळ पाण्यात काळा-शार्ट्रूज (पोपटी-पिवळा) किंवा नारिंगी. नितळ पाण्यात पांढरा, राखाडी, रुपेरी. ढगाळ दिवशी गुलाबीही चालतो. वीस मिनिटांत खोली बदलूनही काही लागलं नाही तरच रंग बदला. दोन्ही एकदम बदललं तर कशानं फरक पडला ते कळत नाही.

जिवंत आमिष लावू का?

पाणी ५० च्या आसपास असेल तर जिगला दीड इंची मिनो (आमिषाचा जिवंत छोटा मासा) ओठातून टोचून लावा, फरक पडतो. मेणकिडा किंवा वासाची छोटी गोळीही चालते. ५८ च्या पुढे नुसता जिग पुरतो आणि वेळ वाचतो. उरलेले मिनो तळ्यात ओतू नका. बऱ्याच राज्यांत तो गुन्हा आहे.

थंडीची लाट आली की मासे कुठे जातात?

फार लांब जात नाहीत. आकाश निळंशार, वारा उत्तरेचा, हवेचा दाब चढलेला, अशा दिवशी ते जवळच्या खोल कडेला उतरतात आणि आडोशाला चिकटून बसतात. जिग १/३२ चा करा, दोन-तीन फूट खोल न्या, फांदीच्या अगदी अंगाला लावा आणि विराम दुप्पट करा. दुसऱ्या दिवसापेक्षा तिसरा दिवस बरा असतो. एवढी यातायात नको असेल तर घरी थांबा.

सगळे छोटेच मिळतायत. काय करू?

सहा-सात इंची मासे आले की ती जागा पिल्लांची किंवा आधी आलेल्या छोट्या नरांची. गाभोळी भरलेल्या मोठ्या माद्या बहुधा दहा-पंधरा फूट बाहेर, जिथे तळ उतरतो त्या कडेला थांबलेल्या असतात. तिकडे टाका.

लायसन्स आणि नियम?

लायसन्स राज्याचं असतं, देशाचं नाही. ज्याच्या हातात रॉड, त्याला लायसन्स. भारतातून आलेल्या आईबाबांना ‘जरा धरा’ म्हणून रॉड दिलात तरी त्यांना त्यांच्या नावाचं, अनिवासी लायसन्स लागतं. बऱ्याच राज्यांत एक दिवसाचं मिळतं. टेक्सासचं उदाहरण: सलग ६ महिन्यांहून जास्त राहिलात तर रहिवासी दर, १७ वर्षांखालच्यांना लायसन्स नको, आणि राज्य उद्यानांच्या हद्दीत काठावरून पकडायला कुणालाच नको. मर्यादा बहुतेक तळ्यांत दिवसाला २५, किमान १० इंच. लेक फोर्क आणि लेक ओ’ द पाइन्सला मात्र १ डिसेंबर ते फेब्रुवारी अखेर किमान लांबी नाही आणि पकडलेला प्रत्येक क्रॅपी ठेवावाच लागतो, कारण थंडीत फार खोलातून काढलेला मासा सोडला तरी बहुधा जगत नाही. नियम दरवर्षी बदलू शकतात आणि तळ्यागणिक वेगळे असतात, म्हणून निघण्याआधी राज्याच्या संकेतस्थळावर त्या तळ्याचं नाव टाकून बघा. लांबी मोजताना तोंड मिटून, शेपटीची दोन्ही टोकं चिमटून मोजा.

होडीतून जायचं असेल तर?

लाइफ जॅकेट अंगात घाला, सीटखाली ठेवू नका. ५० अंशांच्या पाण्यात पडलेल्या माणसाचे हात काही मिनिटांत कामातून जातात, पोहणं येत असलं तरी.

आपल्या पद्धतीनं कसा करायचा?

पकडल्यावर लगेच बर्फात. दोरीला बांधून दुपारभर उथळ कोमट पाण्यात ठेवलेला मासा मऊ पडतो.

१० इंचांच्या खालचा असेल तर खवले चमच्याच्या कडेनं शेपटीकडून डोक्याकडे काढा, पोट साफ करा, दोन्ही अंगांना तीन तिरके छेद द्या. त्याहून मोठ्याचे फिले काढता येतात: कल्ल्यामागे काप, सुरी मणक्याला टेकवून शेपटीपर्यंत, मग फासळ्या आणि कातडी वेगळी. हळद, तिखट, मीठ, आलं-लसूण आणि कोकमाचं आगळ लावून पंधरा मिनिटं ठेवा, त्याहून जास्त नको. मांस नाजूक असतं. रवा-तांदळाच्या पिठात घोळवून मध्यम आचेवर फिले दर बाजूला दोन-अडीच मिनिटं, अख्खा मासा चार.

कालवणात फिले विरघळतात. कालवण करायचंच असेल तर काट्यासकट तुकडे घ्या आणि रस्सा उकळल्यावर शेवटची पाच-सहा मिनिटं सोडा, डाव न घालता भांडंच हलवा. मादीत गाभोळी निघाली तर फेकू नका. हळद-मिठाच्या पाण्यात आधी दोन मिनिटं उकडून मग तळा, नाहीतर तेलात फुटून उडते. लहान मुलांसाठी आणि गरोदर बाईसाठी त्या तळ्यातले मासे किती खावेत याची पाऱ्याबद्दलची सूचना राज्याच्या आरोग्य विभागाकडे असते, ती बघा.